आरएनएची घडी नीट बसत नाही? आधी ट्यूबमधलं मोकळं मॅग्नेशियम तपासा

लक्षणं

घडी म्हणजे आरएनएच्या लांब धाग्याने स्वतःवर दुमडून घेतलेला आकार. ती बिघडली की असं दिसतं: युरिया घातलेल्या डिनेचरिंग जेलवर (ही घडी उलगडून फक्त लांबी दाखवते) आरएनएचा एकच स्वच्छ बँड येतो. तोच नमुना नेटिव्ह जेलवर (जिथे घडी तशीच राहते) चढवला की दोन किंवा तीन बँड, मधे धुरकट पट्टा, आणि कधी कधी निम्मा माल वेलमध्येच, म्हणजे नमुना भरायच्या खळग्यातच, अडकलेला.

स्वतःला कापणारा रायबोझाइम (विकरासारखं काम करणारा आरएनए) असेल तर अभिक्रिया सुरुवातीला जोमात चालते आणि ४०-५० टक्क्यांवर येऊन अडते. आणखी तासभर थांबलात तरी उरलेला आरएनए ढिम्म हलत नाही.

रायबोस्विच किंवा अ‍ॅप्टामर (ठराविक रेणू, म्हणजे लिगँड, पकडणारे आरएनए) असेल तर लिगँड किती घट्ट बसतो याचा आकडा दर आठवड्याला वेगळा येतो.

सगळ्यात बोलकं लक्षण म्हणजे जुना बफर संपला, नवा केला आणि प्रयोग चालेनासा झाला. किंवा शेजारच्या बाकावर तोच आरएनए आणि तोच प्रोटोकॉल छान चालतो, तुमच्या हातून चालत नाही.

यातली दोन लक्षणं एकत्र दिसली तर क्लोन (ज्या डीएनएवरून आरएनए बनवला तो) पुन्हा सिक्वेन्सिंगला पाठवण्याची घाई करू नका. बहुतेक वेळा घोळ मिठाचा असतो, आणि मिठांमध्येही मॅग्नेशियमचा. प्रोटोकॉलमध्ये ५ मिलीमोलार लिहिलेलं असतं, ट्यूबमध्ये मोकळं १ देखील उरलेलं नसतं. हा बिघाड इतक्यांदा निस्तरला आहे की कुणी जेलचा फोटो घेऊन आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: आरएनए विरघळवलाय कशात?

डिनेचरिंग जेलवरच बँडची शिडी दिसत असेल, तर मात्र हा तो बिघाड नव्हे. तिथे आरएनए तुटलेला आहे. आरनेझ (आरएनए तोडणारं विकर) कुठून आलं ते शोधा, नवा आरएनए करा, मग इकडे या. ही जेल तासाभरात होते आणि तिच्याशिवाय पुढचं सगळं वाया जातं, म्हणून ती झालेली आहे असं धरूनच पुढचं लिहिलं आहे.

मॅग्नेशियमवरच संशय का

आरएनएच्या कण्यात प्रत्येक न्यूक्लिओटाइडमागे, म्हणजे साखळीतल्या प्रत्येक कडीमागे, फॉस्फेटचा एक ऋणभार असतो. यीस्टचा फेनिलअ‍ॅलनिनचा टीआरएनए ७६ न्यूक्लिओटाइडांचा आहे. म्हणजे सुमारे ७५ ऋणभार, आणि ते सगळे इंग्रजी एल अक्षरासारख्या आकारात एकमेकांजवळ आणून बसवायचे. धनभारित आयन मधे आल्याशिवाय हे होणं शक्य नाही.

सोडियम आणि पोटॅशियम आरएनएभोवती ढगासारखे गोळा होतात आणि त्यातला बराचसा भार झाकतात. साध्या हेलिक्ससाठी (जोडी जुळलेल्या पिळासाठी), म्हणजे दुय्यम रचनेसाठी, तेवढं पुरतं. खरी अडचण तिथून पुढे सुरू होते. दोन हेलिक्स एकमेकींना खेटून बसायच्या, एखाद्या लूपने दूरच्या खाचेत जाऊन गाठ मारायची, अशा ठिकाणी फॉस्फेटची दाटी होते. मॅग्नेशियमचा आयन लहान, त्याची त्रिज्या ०.७२ अँगस्ट्रॉम, पोटॅशियमची १.३८. शिवाय भार दुप्पट. एक मॅग्नेशियम आत आलं की साधारण दोन पोटॅशियम बाहेर मोकळे सुटतात आणि एन्ट्रॉपीच्या हिशोबात तो सौदा फायद्याचा ठरतो.

एक समज मात्र सोडायला हवा. मॅग्नेशियम म्हणजे ठरलेल्या खाचांत बसलेले मोजके आयन, असं चित्र पाठ्यपुस्तकातल्या स्फटिकरचना पाहून मनात बसतं. त्या खाचा खऱ्या आहेत. टेट्राहायमेना या एकपेशीय जीवाच्या इन्ट्रॉनमधल्या (स्वतःला कापून बाहेर काढणाऱ्या आरएनएच्या तुकड्यातल्या) १६० न्यूक्लिओटाइडांच्या पी४-पी६ भागाची रचना १९९६ मध्ये आली, तेव्हा अ‍ॅडेनिनने भरलेल्या फुगवट्याभोवती मॅग्नेशियम बसलेलं स्पष्ट दिसलं. ते काम करणाऱ्या गटात जेनिफर डाउडना होत्या, पुढे क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्रासाठी नोबेल मिळालेल्या त्याच. पण बहुतेक मॅग्नेशियम सहा पाण्याच्या रेणूंचं कवच घालून आरएनएभोवती नुसतं फिरत असतं, कुठल्याच खाचेत अडकत नाही. घडी टिकवण्याचं मोठं काम हा फिरता साठाच करतो. म्हणून 'माझ्या आरएनएत मॅग्नेशियमच्या तीनच जागा आहेत, मग तिप्पट मॅग्नेशियम पुरे' हा हिशोब चालत नाही. बाहेर द्रावणात मोकळं मॅग्नेशियम किती आहे, यावर सगळं ठरतं.

पहिली तपासणी: कागद आणि पेन

खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं, आणि अर्ध्याहून जास्त प्रकरणं इथेच मिटतात. अभिक्रियेत जाणारा प्रत्येक घटक कुठल्या द्रावणातून येतो ते लिहून काढा आणि मॅग्नेशियम कोण कोण खातं ते पाहा.

ईडीटीए पहिलं. एक ईडीटीए एक मॅग्नेशियम पकडतं आणि सोडत नाही. आरएनए टीई बफरमध्ये ठेवलेला असेल तर त्यात १ मिलीमोलार ईडीटीए आहे. २० मायक्रोलिटरच्या अभिक्रियेत तो आरएनए १० मायक्रोलिटर घातला की ईडीटीए ०.५ मिलीमोलार झालं. तुमचं मॅग्नेशियम १० असेल तर फरक पडत नाही. १ असेल तर निम्मं गेलं.

मग एटीपी, जीटीपी आणि त्यांची भावंडं, म्हणजे तीन फॉस्फेटवाले सुटे न्यूक्लिओटाइड. एटीपीचा एक रेणू मॅग्नेशियमचा जवळजवळ एक आयन धरून बसतो. हेलिकेज किंवा कायनेज (एटीपी वापरणारी विकरं) घातलेल्या प्रयोगात २ मिलीमोलार मॅग्नेशियम आणि २ मिलीमोलार एटीपी असं सर्रास लिहिलेलं दिसतं. अशा ट्यूबमध्ये आरएनएच्या वाट्याला जवळपास काहीच उरत नाही. सायट्रेट पकडतं, पण सैल. फॉस्फेट बफर जास्त झाला तर मॅग्नेशियम गाळ होऊन खाली बसू शकतं.

तिसरा खाणारा स्वतः आरएनए, आणि याचा हिशोब बहुतेक जण करतच नाहीत. ४०० न्यूक्लिओटाइडांचा आरएनए १० मायक्रोमोलार घेतला तर फॉस्फेट झाले ४ मिलीमोलार. एनएमआरसाठी (चुंबकीय अनुनादाने रचना पाहण्यासाठी) टीआरएनए १०० मायक्रोमोलार घेतला तर ७.६ मिलीमोलार. दोन फॉस्फेटमागे जास्तीत जास्त एक मॅग्नेशियम असा अंदाज धरला, तरी ५ मिलीमोलार मॅग्नेशियममधलं साडेतीन-पावणेचार त्या टीआरएनएभोवतीच गुंतू शकतं. पोटॅशियम भरपूर असेल तर हा आकडा खाली येतो, शून्य होत नाही. तोच आरएनए जेलसाठी ०.१ मायक्रोमोलार घेतला होता तेव्हा सुंदर वागला आणि एनएमआरच्या नळीत बिघडला, याचं कोडं पुष्कळदा इथे सुटतं.

एक नमुना हिशोब. मॅग्नेशियम २, एटीपी १, टीईतून आलेलं ईडीटीए ०.२५ मिलीमोलार, आणि ४०० न्यूक्लिओटाइडांचा आरएनए २ मायक्रोमोलार. २ मधून १.२५ वजा, उरलं ०.७५. फॉस्फेट ०.८ मिलीमोलार आहेत, तेही आपला वाटा घेणार. मोठ्या आरएनएची घडी बसण्याचा मधला बिंदू, म्हणजे निम्मे रेणू घडीत येतात तो, अनेकदा १ मिलीमोलारच्या आसपासच असतो, म्हणजे तुम्ही बरोबर कड्यावर उभे आहात. इथे पिपेटची जराशी चूक, नवा स्टॉक, वेगळा माणूस, काहीही निमित्त पुरतं आणि निकाल इकडून तिकडे जातो. शेजाऱ्याला जमतं आणि आपल्याला जमत नाही, ते यामुळे.

हिशोबात तूट दिसली तर मॅग्नेशियम वाढवा, किंवा आरएनए टीईऐवजी ०.१ मिलीमोलार ईडीटीए असलेल्या बफरमध्ये घ्या. ईडीटीए अजिबात नको असं नाही. भटके जड धातू पकडायला ते थोडं हवंच, ते धातू आरएनए कापतात.

दुसरी तपासणी: मॅग्नेशियम क्लोराइडची बाटली

कपाटातली बाटली हातात घ्या आणि लेबल वाचा. हेक्साहायड्रेटचा (सहा पाण्याचे रेणू धरलेल्या क्षाराचा) रेणुभार २०३.३, निर्जल क्षाराचा ९५.२. कुणी हेक्साहायड्रेटचे खडे घेऊन निर्जलच्या आकड्याने वजन केलं असेल तर '१ मोलार' स्टॉक प्रत्यक्षात ०.४७ मोलार निघतो. उलट झालं तर २.१३. दोन्ही प्रकार घडतात, आणि दोन्हीकडे ट्यूबवर सुवाच्य अक्षरात '१ मोलार' लिहिलेलं असतं.

आता बाटली हलवून पाहा. खडे सुटे आहेत की एकमेकांना चिकटून ओलसर ढेकूळ झालंय? मॅग्नेशियम क्लोराइड हवेतलं पाणी ओढतं. मुंबईत किंवा कोकणात जून ते सप्टेंबर ही बाटली चार वेळा उघडली की आतला माल वजनावर भरवसा ठेवण्यासारखा राहत नाही. तुम्ही मिठाबरोबर पाणीही तोलत असता.

स्टॉक खरंच १ मोलार आहे का हे पाहायला यंत्र लागत नाही. बीएस्सीला पाण्याचा जडपणा काढायला केलेलं टायट्रेशन आठवा, तेच करायचं. स्टॉक शंभरपट पातळ करा म्हणजे १० मिलीमोलार व्हायला हवा. त्यातले १० मिलिलिटर शंकुपात्रात घ्या, पीएच १० चा अमोनिया बफर आणि चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी घाला. द्रावण वाइनसारखं तांबडं होईल. ब्युरेटमधून १० मिलीमोलार ईडीटीए थेंबथेंब सोडा. शेवटाकडे रंग जांभळट होतो, तिथे घाई करू नका. तांबड्याची शेवटची छटा जाऊन स्वच्छ निळा झाला की वाचन घ्या. १० मिलिलिटर लागले तर स्टॉक बरोबर. ८.२ लागले तर तो ०.८२ मोलार आहे. फेकू नका, लेबल बदला आणि तारीख घाला. ब्युरेट नसेल तर खालच्या मजल्यावरच्या रसायनशास्त्र विभागात नक्की असेल.

नव्याने करायचा असेल तर नवी बाटली उघडल्या दिवशीच पूर्ण १ मोलार स्टॉक करून गाळून ठेवा. द्रावणात आलेलं मॅग्नेशियम मग ओलं होत नाही.

तिसरी: जेल स्वतःच घडी उलगडतंय का

ट्यूबमध्ये घडी नीट बसलेली असते आणि जेलवर जाऊन मोडते, असंही होतं. नेहमीच्या टीबीईत (ट्रिस-बोरेट-ईडीटीए या जेलच्या बफरमध्ये) २ मिलीमोलार ईडीटीए असतं. त्यात २ मिलीमोलार मॅग्नेशियम घालून 'नेटिव्ह बफर' म्हणणं म्हणजे काहीच न घालणं. नेटिव्ह जेलसाठी ईडीटीए वगळून ट्रिस-बोरेट किंवा ट्रिस-हेपीस वापरा आणि मॅग्नेशियम तुमच्या प्रयोगात जेवढं आहे तेवढं ठेवा.

बफर जेलमध्येही हवा आणि दोन्ही टाक्यांमध्येही. मॅग्नेशियम वाचवायला फक्त जेलमध्ये घालणारे पुष्कळ दिसतात. धनभारित आयन ऋण ध्रुवाकडे चालू लागतात, म्हणजे उभ्या जेलमध्ये वरच्या दिशेने, आणि खालच्या टाकीतून त्यांची भर पडायला हवी असते. ती टाकी कोरडी असेल, म्हणजे मॅग्नेशियमविना, तर जेल खालून वर रिकामं होत जातं. बँड खाली उतरता उतरता त्या रिकाम्या पट्ट्यात शिरतो आणि पसरतो. धुरकट पट्टा म्हणून जे दिसतं त्याचं हे एक नेहमीचं कारण आहे. जास्त वेळ चालणार असेल तर वरचा-खालचा बफर मधून मधून एकत्र करून परत भरा.

लोडिंग डाय पाहा. डीएनएसाठी मिळणाऱ्या बऱ्याच तयार डायमध्ये ईडीटीए भरपूर असतं. सहापट डायमध्ये ६० मिलीमोलार असेल तर मिसळल्यावर १०, आणि तुमचं १० मिलीमोलार मॅग्नेशियम वेलमध्ये जाण्याआधीच संपलं. ग्लिसरॉल, तुमचाच बफर आणि चिमूटभर ब्रोमोफिनॉल ब्लू एवढं पुरतं.

जेल थंड खोलीत, कमी वॉटवर चालवा. मॅग्नेशियम असलेला बफर वीज जास्त वाहतो, काच कोमट झाली की बँड हलतात.

चौथी: तापवणं आणि निववणं

इथे क्रम महत्त्वाचा आहे. आरएनए मॅग्नेशियमशिवाय तापवा, निवू द्या, मग मॅग्नेशियम घाला. मॅग्नेशियम असताना ९५ अंशांवर ठेवलात तर दोन गोष्टी बिघडतात. आरएनए तुटतो, कारण मॅग्नेशियम उष्णतेत कण्याचं विघटन घडवून आणतं. आणि ट्यूब निवताना जी पहिली बरी घडी सापडेल ती मॅग्नेशियम घट्ट धरून ठेवतं, मग ती बरोबर असो की चुकीची.

माझ्या हाताला बसलेला साधा क्रम असा: आरएनए १० मिलीमोलार हेपीस, पीएच ७.५ आणि ०.१ मिलीमोलार ईडीटीएमध्ये, ९० अंशांवर दोन मिनिटं. मग बाकावर दहा मिनिटं. मग पोटॅशियम क्लोराइड १०० मिलीमोलारपर्यंत, शेवटी मॅग्नेशियम, आणि ३७ अंशांवर अर्धा तास. ट्रिस वापरत असाल तर लक्षात ठेवा, दर अंशाला त्याचा पीएच सुमारे ०.०२८ ने उतरतो. २५ अंशांवर ७.५ असलेला बफर ४ अंशांवर ८.१ च्या आसपास आणि ९० ला साडेपाच-पावणेसहा. हेपीसचा बदल याच्या निम्मा.

निववायचं बर्फात की हळूहळू, यावर दोन पक्ष आहेत आणि दोघंही आपापल्या आरएनएपुरते बरोबर आहेत. एकेकटा हेअरपिन (स्वतःशीच जुळून वळलेला आखूड धागा) हवा असेल तर पातळ द्रावण, कमी मीठ आणि थेट बर्फ. रेणूला जोडीदार शोधायला वेळच मिळत नाही. दोन वेगळे धागे जुळवायचे असतील तर मीठ घालून हळू.

मोठ्या रायबोझाइमचं प्रकरण वेगळं. टेट्राहायमेनाचा इन्ट्रॉन २५ अंशांवर १० मिलीमोलार मॅग्नेशियममध्ये सोडला तर त्याचा मोठा भाग चुकीच्या घडीत जाऊन अडकतो, आणि ती घडी तासन्‌तास टिकते. आमटीत मीठ कमी पडलं तर वरून घालता येतं. चुकीच्या घडीवर वरून मॅग्नेशियम ओतलं तर ती आणखी पक्की होते, कारण बाहेर पडायला आधी थोडं उलगडावं लागतं आणि मॅग्नेशियम उलगडू देत नाही. ४०-५० टक्क्यांवर अडणाऱ्या अभिक्रियेच्या मागे अनेकदा हेच असतं. उपाय म्हणून १० मिलीमोलार मॅग्नेशियममध्येच ५० अंशांवर अर्धा तास ठेवतात. या इन्ट्रॉनसाठी तो नेहमीचा प्रघात आहे. तुमच्या आरएनएसाठी ४२, ५० आणि ५५ अंश अशा तीन ट्यूब लावून पाहा. अडलेली टक्केवारी वर सरकली की निदान पक्कं झालं.

पाचवी: पोटॅशियम, सोडियम आणि एक स्वस्त युक्ती

एकभारी मीठ किती आहे याकडे फारसं कुणी पाहत नाही, पण ते मॅग्नेशियमशी स्पर्धा करतं. पोटॅशियम ५० वरून २०० मिलीमोलारवर नेलंत तर तृतीयक घडीसाठी, म्हणजे हेलिक्स एकमेकींना खेटवून बसवण्यासाठी, लागणारं मॅग्नेशियमही वाढतं. त्यामुळे दोन प्रयोगांची तुलना करताना दोन्ही आकडे सारखे हवेत. प्रेसिपिटेशननंतर, म्हणजे आरएनए इथेनॉलने खाली बसवल्यावर, सत्तर टक्के इथेनॉलने नीट न धुतलेल्या पेलेटमध्ये सोडियम अ‍ॅसिटेट राहून जातं आणि ही तुलना बिघडवतं.

संगणकाने काढून दिलेली दुय्यम रचना आणि तिची ऊर्जा सहसा १ मोलार सोडियम क्लोराइडसाठी असते. तुमची ट्यूब तशी नाही. त्या चित्रात मॅग्नेशियम नाही आणि तृतीयक गाठीही नाहीत. चित्र उपयोगाचं आहे, फक्त त्याच्याशी जेल जुळत नाही म्हणून जेलला दोष देऊ नका.

आता युक्ती. अनुक्रमात ग्वानिनच्या रांगा असतील तर पोटॅशियमऐवजी तेवढंच लिथियम क्लोराइड घालून एक लेन चालवा. ग्वानिनची चौकडी, म्हणजे जी-क्वाड्रुप्लेक्स, पोटॅशियमवर उभी राहते, सोडियमवर कमी, लिथियमवर जवळपास नाही. जास्तीचा बँड लिथियममध्ये गायब झाला तर तो क्वाड्रुप्लेक्स होता. स्पिनॅच नावाच्या चमकणाऱ्या अ‍ॅप्टामरच्या आत अशी चौकडी आहे, तिथे पोटॅशियम काढलं तर चमकच जाते. म्हणजे हा 'दोष' काही आरएनएंमध्ये त्यांचं कामच असतो.

सहावी: दोन घड्या की दोन रेणू?

वरचा बँड म्हणजे वेगळी घडी, की दोन रेणूंची जोडी? आरएनए ०.१, ०.३, १ आणि ३ मायक्रोमोलार अशा चार प्रमाणांत घ्या, प्रत्येक ट्यूब त्याच प्रमाणात तापवून निववा आणि शेजारी शेजारी चालवा. आरएनए वाढेल तसा वरच्या बँडचा वाटा वाढला तर ती जोडी. वाटा तसाच राहिला तर एकाच रेणूच्या दोन घड्या. तापवून झाल्यावर पातळ करू नका, नाहीतर आधी जुळलेल्या जोड्या तशाच राहतात आणि तपासणी फसते. एचआयव्ही-१ च्या आरएनएत एका लूपमध्ये सहा अक्षरांचा, स्वतःच्याच दुसऱ्या प्रतीशी जुळणारा तुकडा असतो; त्यामुळे दोन रेणूंचे लूप एकमेकांत अडकतात आणि मॅग्नेशियम त्या मिठीला बळ देतं. विषाणूला ते हवंच असतं. तुमच्या लूपमध्ये चुकून असा तुकडा असेल तर तुम्हालाही ते मिळतं, मागितलेलं नसताना.

सातवी: माल धुऊन घ्या

टी७ विकराने ट्रान्स्क्रिप्शन केलं, म्हणजे डीएनएवरून आरएनए बनवला असेल तर त्या मिश्रणात २०-३० मिलीमोलार मॅग्नेशियम, स्पर्मिडीन आणि न्यूक्लिओटाइड होते. नळीत आलेला पांढरा गढूळपणा म्हणजे मॅग्नेशियम पायरोफॉस्फेट. ईडीटीए घातलं की तो विरघळतो, पण मग ते ईडीटीए इथेनॉलमध्ये आरएनएबरोबर खाली येऊ शकतं आणि पुढच्या प्रयोगात पहिल्या तपासणीचा घोळ पुन्हा सुरू होतो. स्पर्मिडीनवर तीन धनभार असतात आणि ते मॅग्नेशियमची बरीचशी कामं करतं, त्यामुळे न धुतलेला आरएनए कमी मॅग्नेशियममध्येही छान वागतो आणि शुद्ध केलेला रुसतो. हे उलटं वाटतं, म्हणून सांगितलं.

१० किलोडाल्टनच्या स्पिन फिल्टरमध्ये आरएनए घ्या, १०० मिलीमोलार पोटॅशियम क्लोराइड आणि थोडं ईडीटीए असलेल्या बफरने दोनदा धुवा, मग ईडीटीएविना बफरने तीनदा. फिल्टर महाग पडतो, म्हणून ही तपासणी इतक्या खाली आहे. छोट्या, ३० न्यूक्लिओटाइडांखालच्या तुकड्यांना हा फिल्टर वापरू नका, निसटतात, त्यांना डायलिसिस.

आठवी: मॅग्नेशियमची पूर्ण मालिका

एवढं करूनही उलगडा झाला नाही तर एक दिवस राखून ठेवा. पोटॅशियम १०० मिलीमोलार कायम, मॅग्नेशियम ०, ०.१, ०.३, १, ३, १० आणि ३०. शून्याच्या ट्यूबमध्ये ०.१ मिलीमोलार ईडीटीए घाला, नाहीतर शून्य हे शून्य नसतं. प्रत्येक ट्यूब स्वतंत्र तापवून निववा. नेटिव्ह जेलच्या बफरमध्ये मॅग्नेशियम एकच असल्यामुळे जेल इथे फार बोलत नाही. अभिक्रियेचा वेग, लिगँडची बांधणी किंवा चमक, यातलं जे द्रावणात मोजता येईल ते मोजा.

वक्र चढून ३ ते १० च्या दरम्यान सपाट झाला तर सपाट भागात काम करा, चढावर कधीही नको. १० नंतर पुन्हा घसरला तर गुठळ्या किंवा चुकीची घडी; चौथ्या तपासणीकडे परत जा. ३० पर्यंत नुसता चढतच राहिला तर तुमचा आरएनए मुळात डळमळीत आहे, एखादी हेलिक्स आखूड पडली असेल. रायबोझाइमच्या बाबतीत मॅग्नेशियम रचनेसाठी लागतं की रसायनासाठी, हेही विचारा. हॅमरहेड रायबोझाइम ४ मोलार लिथियम क्लोराइडमध्ये मॅग्नेशियमविना कापतो हे १९९८ मध्येच दाखवलं गेलं आहे. तुमचाही तसा चालला तर मॅग्नेशियम तिथे मुख्यतः घडीसाठी होतं.

कुठे थांबायचं

मालिकेत कुठल्याच मॅग्नेशियमला एक घडी मिळत नाही, तापमान बदलूनही वाटा हलत नाही, आणि संगणक दोन रचनांमध्ये एक-दोन किलोकॅलरीचाच फरक दाखवतो: थांबा. हा बफरचा प्रश्न राहिलेला नाही. कुठलं अक्षर कशाशी जुळलंय ते शेप किंवा डीएमएस या रासायनिक चाचण्यांनी पाहावं लागतं. ही पद्धत पहिल्यांदाच स्वतः शिकून करण्यात महिने जातात, ती रोज करणाऱ्या गटाला आरएनए द्या.

नव्या बाटल्या, नवं पाणी, सगळं बदलूनही आरएनए हळूहळू तुटत असेल तर जड धातूंचा संशय घ्या आणि बफर आयसीपी तपासणीला (धातूंचं सूक्ष्म प्रमाण मोजणाऱ्या) पाठवा. आयआयटी मुंबईच्या सैफसारख्या सामायिक उपकरण-सुविधांत बाहेरचे नमुने घेतात. घरच्या घरी धातू ओळखण्याचे प्रयोग नकोत. पोटॅशियमच्या जागा शोधायला थॅलियम वापरल्याचं वाचून ते मागवायचा विचार करणारेही भेटतात. थॅलियम अत्यंत विषारी आहे, ते क्रिस्टलोग्राफीवाल्यांच्या हाती राहू द्या. वितळबिंदू काढताना कॅकोडायलेट बफर वापरत असाल तर त्यात आर्सेनिक आहे, तो सिंकमध्ये जात नाही.

घडी गोळीबंद आहे की सैल, हे एक्स-रे विखुरणातून कळतं, आणि दोन घड्यांमधली ये-जा एकेका रेणूच्या फ्रेटमधून (दोन चमकणाऱ्या खुणांमधलं अंतर सांगणाऱ्या तंत्रातून). दोन्हीसाठी जाणकार सोबती लागतो. त्यांच्याकडे जाताना आरएनए इथेनॉलमधल्या पेलेटच्या रूपात न्या, अनुक्रम आणि डिनेचरिंग जेलचा फोटो जोडा, आणि बफरची पूर्ण यादी लिहा: ईडीटीए किती, एटीपी किती, मॅग्नेशियम टायट्रेशनने किती निघालं, आरएनए किती मायक्रोमोलार. 'टीई, नेहमीचा' असं लिहून पाठवलंत तर पहिला फोन त्याचसाठी येईल.